हौशी टांकसाळी : बिटकॉइनची पहिली पाच वर्षे

नाणे पाडण्याचा हक्क कोणाचा, ह्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने बहुधा एकच दिले आहे : ज्याची सत्ता, त्याचा शिक्का. पेशवाईत टांकसाळी मक्त्याने दिल्या जात, सोनार-सराफ त्या चालवीत, आणि एका गावचा रुपया दुसऱ्या गावी बट्टा दिल्यावाचून चालत नसे, हे खरे. तथापि मक्ता देणारे सरकार होतेच, आणि खोटे नाणे पाडणाऱ्यास शासन करणारेही तेच होते. राजावाचून, सरकारावाचून, पेढीवाचून, एकमेकांची तोंडेही न पाहिलेल्या मूठभर हौशी माणसांनी आपापल्या घरी बसून नाणे पाडावे, आणि पाच वर्षांच्या आत त्या नाण्याची दखल मध्यवर्ती बँकांना घ्यावी लागावी, असे २००९ सालापूर्वी कोणी सांगितले असते तर त्याची गणना भाकडकथांत झाली असती. पण हे घडले, आणि आजच्या व्याख्यानाचा तोच विषय आहे.

बिटकॉइन हा शब्द उच्चारताच श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे भावाचे आकडे उभे राहतात, हे आम्ही जाणून आहो. ते नाणे घ्यावे की घेऊ नये, ह्याचा सल्ला मिळेल अशा आशेने जे आज येथे आले असतील त्यांची निराशा होईल. तेवढ्याबद्दल त्यांनी आम्हांस क्षमा करावी. आम्हांला ज्या काळाविषयी बोलायचे आहे त्या काळी ह्या नाण्याला भावच नव्हता. ज्यांनी ते पाडले, वाटले, उधळले आणि हरवले, ती माणसे कोण होती आणि काय करीत होती, एवढेच पाहायचे आहे. त्यांतल्या एका गृहस्थाने दोन पिझ्झांसाठी दहा हजार नाणी मोजली, आणि त्याबद्दल त्याच्यावर जगभर हसून झाले आहे. तो खटला पुन्हा एकदा उघडावा असे आमच्या मनात आहे.

प्रथम हे नाणे म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. संगणकातील कोणत्याही वस्तूची नक्कल करणे हाताचा मळ. तेव्हा संगणकातले नाणे एकाला देऊन झाल्यावर तेच दुसऱ्याला देण्यापासून मनुष्याला आवरणार कोण? जुने उत्तर असे की मध्ये एक विश्वासू पेढी बसवावी आणि तिने हिशेब ठेवावा. डेव्हिड चॉम ह्या अमेरिकन पंडिताने डिजिकॅश नावाची अशी कंपनी चालवून पाहिली. ती १९९८ साली दिवाळ्यात निघाली. पेढी बुडाली की नाणेही बुडाले. दरम्यान अ‍ॅडम बॅक ह्या इंग्रज संशोधकाने १९९७ साली, फुकट्या जाहिरातींच्या टपालाचा उपद्रव थांबावा म्हणून, हॅशकॅश नावाची एक युक्ती काढली होती : पत्र पाठवण्यापूर्वी पाठवणाऱ्याच्या संगणकाने थोडे कष्टाचे गणित सोडवावे. एका पत्राला हे कष्ट कोणी मोजत नाही. लाख पत्रे पाठवणाऱ्याचा मात्र घाम निघतो.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो असे नाव धारण करणाऱ्या कोणा एकाने, किंवा अनेकांनी, नऊ पानांचा एक निबंध गुप्तलेखनशास्त्राच्या अभ्यासकांकडे पाठवला. हे नाव कोणाचे, ह्याचा उलगडा अद्याप झालेला नाही. अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही जुनी पेढी कोसळून तेव्हा दीड महिना होत होता. निबंधातील कल्पना अशी की हिशेबाची वही एका पेढीत ठेवूच नये. तिची प्रत ज्याला हवी त्याने आपल्या घरी ठेवावी. सुमारे दर दहा मिनिटांनी त्या वहीचे एक पान पुरे व्हावे. पण पान बंद करण्याचा मान कोणाला? ज्याच्या संगणकाला त्या पानाचे आकडी कुलूप उघडेल त्याला. ह्या कुलपाचा आकडा बुद्धीने सापडत नाही. एकामागून एक आकडे लावून पाहणे एवढाच मार्ग आहे. मात्र सापडलेला आकडा बरोबर आहे की नाही, हे कोणालाही क्षणात पडताळता येते. ज्याला तो सापडेल त्याने पान बंद करावे आणि मेहनतान्यादाखल ५० नवी नाणी स्वतःच्या नावे मांडून घ्यावीत. ह्या उद्योगाला पुढे खाणकाम हे नाव पडले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा इतिहास तिच्यातून निघतो. दर २०१६ पानांनी, म्हणजे सुमारे पंधरवड्याने, कुलपाची अवघडाई आपोआप बदलते. संगणक वाढले तर कुलूप अवघड होते, घटले तर सोपे. तासाला सहा पाने, दिवसाला १४४, आणि दर पानास ५० प्रमाणे दिवसाला ७,२०० नाणी : दहा माणसे खणोत की दहा लाख, उत्पन्न तेवढेच. शेतात नांगर वाढले तर एखादे वेळी पीक वाढते. येथे नांगर कितीही वाढवा, रास तेवढीच राहते आणि प्रत्येकाच्या वाट्याचे माप तेवढे लहान होते. शिवाय २,१०,००० पाने झाली की मेहनताना निम्मा व्हायचा, असे करीत करीत एकंदर २ कोटी १० लाखांवर नाणी कधीच व्हायची नाहीत, असाही नियम प्रारंभीच घालून ठेवलेला.

वहीचे पहिले पान ३ जानेवारी २००९ चे आहे. त्यात नाकामोतोने लंडनच्या टाइम्स पत्राचा त्या दिवशीचा मथळा कोरून ठेवला आहे. ब्रिटनचे अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा सावरण्याच्या बेतात आहेत, अशी ती बातमी. पायाच्या दगडावर शिलालेख खोदावा तसाच हा प्रकार. पुढच्या आठवड्यात हॅल फिनी ह्या कॅलिफोर्नियातील अनुभवी संगणकतज्ज्ञाने नाकामोतोचा कार्यक्रम आपल्या यंत्रावर चालू केला. असल्या नाण्याचा प्रयोग फिनीने स्वतः २००४ साली करून पाहिला होता, त्यामुळे इतर तज्ज्ञ नाके मुरडीत असता त्याला मात्र कुतूहल वाटले. १२ जानेवारीला नाकामोतोने त्याला दहा नाणी पाठवली. दोन व्यक्तींमधला ह्या नाण्याचा हा पहिला व्यवहार. त्यात वस्तू नाही, किंमत नाही, केवळ पोचते की नाही ते पाहणे. फिनीने काही दिवस खाणकाम केले, आणि मग बंद केले. कारण काय, तर संगणक तापत होता आणि त्याच्या पंख्याची घरघर त्याला नकोशी झाली होती. त्याच वर्षी फिनीला स्नायू निकामी करणाऱ्या असाध्य व्याधीने गाठले. २०१४ च्या ऑगस्टात तो निवर्तला. त्या घरघरीतून निघालेली काही नाणी अखेरीस त्याच्या औषधपाण्याच्या खर्चाला कामी आली.

पहिले वर्ष असे गेले. एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत जमावीत तितकीच ही मंडळी. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात शिकणारा मार्टी माल्मी हा फिन्निश तरुण त्यांतला एक. फावल्या वेळात तो नाकामोतोला कार्यक्रम सुधारण्यास मदत करी. ५ ऑक्टोबर २००९ रोजी ‘न्यू लिबर्टी स्टँडर्ड’ असे टोपणनाव घेतलेल्या एका सभासदाने ह्या नाण्याचा पहिला भाव प्रसिद्ध केला : एका डॉलरला १,३०९.०३ नाणी. हा भाव त्याने कसा ठरवला? आपला संगणक चालवण्यास वीज किती लागली आणि तेवढ्या विजेत नाणी किती निघाली, ह्याचा भागाकार केला. कुंभाराने मडक्याची किंमत लाकूडफाट्यावरून लावावी तशी ही किंमत. विकत घेणारा मनुष्य त्यात कोठेच नाही. आठवड्याने, १२ ऑक्टोबरला, माल्मीने ५,०५० नाणी ५ डॉलर २ सेंटला त्याच गृहस्थाला विकली. डॉलरशी झालेला हा पहिला ज्ञात सौदा होय.

आता आम्ही मूळ खटल्याकडे येतो. नाकामोतोच्या निबंधात एक समतेचे तत्त्व गृहीत होते : प्रत्येक संगणकाला एक मत. परंतु संगणकात चित्रे दाखवण्यासाठी जो ग्राफिक्स कार्ड नावाचा भाग बसवतात, तो हे आकडे लावून पाहण्याचे काम साध्या संगणकाच्या कित्येक पट वेगाने करू शकतो, हे जाणत्यांच्या लक्षात आले होते. डिसेंबर २००९ मध्ये नाकामोतोने जाहीरपणे लिहिले की ही शस्त्रस्पर्धा होईल तितकी लांबणीवर टाकावी, असा सभ्य माणसांतला करार आपण पाळू या. साधा संगणक असलेल्या कोणालाही आज ह्या खेळात उतरता येते, ही सोय मोडू नये. किती भाबडी विनंती! जगातल्या कोणत्या खाणीवर असा करार टिकला आहे? पाच महिनेही झाले नाहीत तो फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिलच्या लास्लो हान्येत्स ह्या कार्यक्रमलेखकाने ग्राफिक्स कार्डावर खाणकाम सुरू केले. नाण्यांचा ओघ त्याच्याकडे लागला. नाकामोतोने त्याला पत्राने सबुरीचा सल्ला दिला, असे हान्येत्सने पुढे सांगितले आहे.

आणि मग, १८ मे २०१० रोजी, ह्याच हान्येत्सने हौशी मंडळींत जाहीर विचारणा केली : मला दोन मोठे पिझ्झे कोणी घरपोच आणून दिले तर मी दहा हजार नाणी देईन. तीनचार दिवस ती बोली कोणी स्वीकारली नाही. २२ तारखेला कॅलिफोर्नियातील एकोणीस वर्षांच्या एका तरुणाने आपल्या खिशातले डॉलर देऊन पापा जॉन्सच्या दुकानातून दोन पिझ्झे मागवले आणि दहा हजार नाणी घेतली. त्या दिवशीच्या भावाने ती सुमारे ४१ डॉलरांची होती. २०१३ च्या नोव्हेंबरात एका नाण्याचा भाव हजार डॉलरांवर गेला तेव्हा त्याच नाण्यांचे एक कोटी डॉलर झाले, आणि हान्येत्स हा मूर्खशिरोमणी ठरला.

काटेकोर पाहू गेल्यास ही खरेदीच नव्हती. दुकानाच्या गल्ल्यात डॉलरच पडले, आणि नाण्यांची देवघेव झाली ती दोन हौशी माणसांत. तरीही आमचा निकाल हान्येत्सच्या बाजूने आहे. विजेच्या हिशेबाने निघालेला भाव नाणे पाडायला काय पडते ते सांगतो. त्या नाण्याने काय मिळते ते सांगत नाही. समुद्रकाठी पडलेली कवडी ही केवळ कवडी असते. बाजारात तिच्यावर कोणी मूठभर चणे दिले की ती नाणे होते. ही चण्यांची मूठ प्रथम हान्येत्सने मिळवून दाखवली. नाणी जपून ठेवणारे त्या वेळीही पुष्कळ होते, आणि साऱ्यांनीच जपून ठेवली असती तर जपण्याजोगे काही उरलेच नसते. दुसरी गोष्ट हसणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. करार मोडून ज्याने सर्वांत आधी वाजवीपेक्षा जास्त नाणी गोळा केली, त्यानेच ती सर्वांत आधी बाजारात सोडली. नंतरही काही आठवडे त्याने पिझ्झ्यांची ती बोली चालू ठेवली. ऑगस्टमध्ये त्याने कळवले की आता दिवसाला हजारांनी नाणी निघत नाहीत, तेव्हा हे परवडणार नाही. इतरांनीही ग्राफिक्स कार्डे बसवली होती, आणि मघाशी सांगितलेले माप लहान झाले होते. आपल्याला पश्चात्ताप नाही, असे हान्येत्सने पुढे मुलाखतींतून सांगितले. पिझ्झे आणणारा तरुणही शहाणा निघाला नाही. त्यानेही ती नाणी खर्चून टाकली.

ह्याच वृत्तीचा दुसरा नमुना म्हणजे गॅव्हिन अँड्रेसन. मॅसॅच्युसेट्स संस्थानातील अ‍ॅमहर्स्टच्या ह्या तंत्रज्ञाने ५० डॉलर देऊन १०,००० नाणी विकत घेतली, आणि जून २०१० मध्ये एक नळ उघडला. नळ हे आम्ही केलेले रूपक नव्हे. त्याने नावच तसे ठेवले होते. जो येईल त्याने आपण यंत्र नसून मनुष्य आहो एवढे सिद्ध करावे आणि पाच नाणी घेऊन जावे. गावाला पाणी पाजावे तशी त्याने नाणी वाटली, कारण खिशात चार नाणी असल्यावाचून कोणी हा खेळ खेळणार नाही, हे त्याने ओळखले होते. ज्यांनी ती पाच नाणी नेली त्यांतल्या किती जणांना पुढे आपली किल्ली सापडली, हा वेगळा प्रश्न. ह्या नाण्याची मालकी म्हणजे एका दीर्घ गुप्त आकड्याची, म्हणजे किल्लीची मालकी; किल्ली हरवली की नाणे वहीत दिसत राहते आणि कोणाच्याच उपयोगी पडत नाही. वेल्समधील न्यूपोर्ट येथल्या एका गृहस्थाची हजारो नाण्यांची किल्ली असलेली तबकडी २०१३ साली कचऱ्यात गेली. नगरपालिकेचा उकिरडा उकरू द्यावा म्हणून तो वर्षानुवर्षे भांडला. २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने त्याचा दावा काढून टाकला. घरात पुरलेला हंडा विसरून मेलेल्या पूर्वजांच्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्या, त्यांचीच ही नवी आवृत्ती.

१५ ऑगस्ट २०१० रोजी एक मोठे संकट आले. कार्यक्रमातील एका चुकीचा फायदा घेऊन कोणीतरी एका व्यवहारात १८४ अब्जांहून अधिक नाणी उत्पन्न केली. जेथे मर्यादा २ कोटी १० लाखांची, तेथे हा आकडा! नाकामोतोने काही तासांतच दुरुस्त कार्यक्रम पाठवला, खाणकाम करणाऱ्यांनी तो बसवला, आणि ते पान टाकून देऊन वही त्याच्या आधीपासून पुन्हा लिहिण्यात आली. ह्या नाण्याला माणसांवरील विश्वासाची गरज नाही, सारे काही गणित करते, असे त्याचे कैवारी सांगतात. त्या रात्री नाणे वाचले ते एकमेकांचा शब्द मानणाऱ्या थोड्या माणसांनी एकाच वेळी एकच गोष्ट करण्याचे ठरवले म्हणून. आमच्या मते ह्या इतिहासातील हा सर्वांत बोलका प्रसंग आहे, आणि त्याचा उल्लेख फार थोडे लोक करतात.

त्यानंतरचे वर्ष हौशी खाणकामाचा भरभराटीचा काळ. महाविद्यालयीन पोरांनी वसतिगृहाच्या खोल्यांत, संसारी माणसांनी माळ्यावर आणि तळघरात यंत्रे मांडली. चारचार ग्राफिक्स कार्डे एका जागी मावेनात आणि तापू लागली, म्हणून पेटीऐवजी दुधाच्या बाटल्या ठेवण्याचे जाळीदार क्रेट वापरात आले, वर टेबलपंखा. हिवाळ्यात खोली तापवण्याचा खर्च वाचला, असा हिशेब काही जण मांडीत, तो खोटाही नव्हता. पण कुलूप अवघड होत चालले होते, आणि एकट्याच्या यंत्राला महिनोन्‌महिने एकही पान मिळेना. तेव्हा झेक देशातील मारेक पालातिनुस ह्या तरुणाने आपल्याकडील भिशीची आठवण व्हावी अशी तोड काढली : सर्वांनी मिळून आकडे लावावेत, आणि ज्याला सापडेल त्याने ती ५० नाणी कष्टाच्या प्रमाणात सर्वांत वाटावीत. ह्या मंडळाला पहिले पान १६ डिसेंबर २०१० रोजी मिळाले. सोय मोठी झाली, पण वहीवर सही करण्याचा मान घरोघरच्या संगणकांकडून मंडळाच्या चालकाकडे गेला. त्याच सुमारास नाकामोतोने जाहीर लिखाण थांबवले. २०११ च्या वसंतात त्याची खाजगी पत्रेही बंद झाली. त्याने पाडलेली म्हणून जी नाणी अभ्यासकांनी ओळखली आहेत ती दहा लाखांच्या घरात असावीत असा अंदाज आहे.

नाणी आहेत, पण घेता काय? ह्या काळच्या दुकानांची यादी केली तर हसू येते. मॅसॅच्युसेट्समधील एक शेतकरी कुटुंब अल्पाका नावाच्या उंटाच्या जातीच्या जनावराच्या लोकरीचे पायमोजे ह्या नाण्यावर विकू लागले, आणि ते मोजे हौशी मंडळींत जणू गणवेश होऊन बसले. बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागातील ‘रूम ७७’ ह्या पेयगृहाने २०११ साली बिअर आणि बर्गर ह्या नाण्यावर देण्यास प्रारंभ केला. युटा संस्थानातील माइक कॉल्डवेल ह्याने तर चक्क पितळेची नाणी पाडली. ‘कॅसेशियस’ हे त्यांचे नाव. नाण्याच्या पाठीवर चकाकणारा कागदी मोहोरा, आणि मोहोऱ्याखाली किल्ली. मोहोरा फाडला की मोल बाहेर आले आणि हातात उरले पितळ. जे हातात धरता येत नाही ते नाणेच नव्हे, ही मनुष्याची जुनी खोड ह्या नव्या पंथालाही सुटली नाही, ह्याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकन अर्थखात्याच्या गुन्हेप्रतिबंधक शाखेने ह्या उद्योगाला पैसे पाठवणाऱ्या पेढीचे नियम लागू होतात असे कळवले, आणि ती टांकसाळ थंडावली. त्याच वर्षी मे महिन्यात फोर्ब्स नियतकालिकाच्या वार्ताहर कश्मीर हिल ह्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे एक आठवडा केवळ बिटकॉइनवर काढून पाहिला. उपाशी मरावे लागले नाही. परंतु वजन थोडे उतरले, आणि ज्या शहरातील तंत्रज्ञ जगाला शहाणपण शिकवतात तेथेही ह्या नाण्यावर जगणे म्हणजे एक कसरतच आहे, असे दिसून आले.

पायमोज्यांच्या गोष्टी रंगवून सांगताना अमली पदार्थांचा बाजार झाकून ठेवणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘सिल्क रोड’ ह्या नावाने उघडलेल्या गुप्त पेठेत हेच नाणे चाले, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकन पोलिसांनी ती बंद करीपर्यंत ह्या नाण्याला खरीखुरी मागणी ज्या ठिकाणांहून येत होती त्यांत तिचा क्रमांक वरचा होता. हौशी मंडळींना हे आवडो न आवडो.

खर्च करणाऱ्यांच्या ह्या मेळ्यात व्यापारी शिरला तो जुलै २०१० मध्ये. जेड मॅकॅलेब ह्या अमेरिकन गृहस्थाने खेळातील पत्त्यांच्या अदलाबदलीसाठी घेऊन ठेवलेले एक नाव पडून होते. ‘माउंट गॉक्स’ ह्या भारदस्त नावात पर्वत नाही, त्या पत्त्यांच्या खेळाची आद्याक्षरे आहेत. तेथे त्याने डॉलर आणि बिटकॉइन ह्यांचा बाजार मांडला, आणि २०११ साली तो टोकियोत राहणाऱ्या मार्क कार्पेलेस ह्या फ्रेंच माणसाला विकला. फेब्रुवारी २०११ मध्ये नाणे डॉलरच्या बरोबरीस आले, जूनमध्ये तीस डॉलरांवर गेले, आणि १९ जूनला चोरट्याने ह्या पेढीच्या खात्यात शिरून विक्रीचा असा सपाटा लावला की तेथला भाव काही मिनिटांत सुमारे १७ डॉलरांवरून एका सेंटवर आला. लोक तरीही तेथेच जात राहिले. पेढी नको म्हणून ज्यांनी हे नाणे पत्करले, त्यांनी आपल्या किल्ल्या एका पेढीवाल्याच्या हाती दिल्या. स्वतः सांभाळण्याचा कंटाळा, दुसरे काय? फेब्रुवारी २०१४ मध्ये माउंट गॉक्सने दिवाळे जाहीर केले तेव्हा ८,५०,००० नाणी नाहीशी झाली होती. त्यांतली २,००,००० पुढे जुन्या खात्यात सापडली. ठेवीदारांना नाण्यांची परतफेड सुरू झाली ती दहा वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये.

आपल्याकडे ह्या नाण्याविषयीचा जाहीर सरकारी इशारा २४ डिसेंबर २०१३ चा. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने, असल्या चलनांच्या पाठीशी कोणतीही संस्था किंवा मालमत्ता नाही आणि ते बाळगणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर बाळगावे, असा इशारा दिला. पुढे महाराष्ट्रात खाणकाम हा शब्द पुष्कळांनी प्रथम ऐकला तो फार वेगळ्या रीतीने. तुमचे पैसे खाणकामात घालतो आणि दरमहा दहा टक्के देतो, असे आश्वासन देणाऱ्या योजनेत पुणे-नांदेडकडील अनेकांच्या ठेवी अडकल्या, आणि एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या मुख्य चालकास अटक केली. ज्या उद्योगात नांगर वाढले तरी रास वाढत नाही, त्यात दरमहा ठरलेले दहा टक्के कोठून येणार, हा प्रश्न त्या नऊ पानांच्या निबंधाचा वाचक सहज विचारता. निबंध कोणी वाचला नव्हता.

खऱ्या हौशी खाणकामाचा शेवट मात्र त्याआधीच झाला होता. २८ नोव्हेंबर २०१२ रोजी मेहनताना ५० वरून २५ नाण्यांवर आला. जानेवारी २०१३ मध्ये अ‍ॅव्हलॉन ह्या चिनी उद्योगाने केवळ हेच एक कुलूप उघडण्यासाठी घडवलेल्या यंत्रांची पहिली खेप पाठवली. ह्या यंत्रावर पत्र लिहिता येत नाही की चित्र पाहता येत नाही. ते आकडे लावते, बस्स. ग्राफिक्स कार्डाने साध्या संगणकाचे जे केले होते तेच ह्या यंत्राने ग्राफिक्स कार्डाचे केले. वर्षभरात दुधाच्या क्रेटांतील यंत्रांचे विजेचे बिलही सुटेना, आणि खाणकाम स्वस्त विजेच्या मुलखातील गोदामांत गेले.

मग त्या ग्राफिक्स कार्डांचे काय झाले? ती दुसऱ्या नाण्यांकडे वळली. चार्ली ली ह्या तंत्रज्ञाने ऑक्टोबर २०११ मध्ये काढलेले लाइटकॉइन त्यांच्या आटोक्यातले होते. आणि डिसेंबर २०१३ मध्ये बिली मार्कस हा अमेरिकन आणि जॅक्सन पामर हा ऑस्ट्रेलियन, ह्या दोघांनी एका जपानी कुत्र्याच्या मुखवट्याचे डोजकॉइन केवळ थट्टा म्हणून काढले. आश्चर्य असे की अँड्रेसनच्या नळाकाठी जी माणसे भेटत असत ती येथे पुन्हा दिसू लागली. नाण्याला सेंटाचाही भाव नव्हता, त्यामुळे कोणी चांगले बोलला तर त्याला मूठभर नाणी बक्षीस द्यावीत, असा रिवाज पडला. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी जमैकाच्या बर्फावरील घसरगाडीच्या चमूला ऑलिंपिकला जाता यावे म्हणून हजारो डॉलरांची नाणी जमवली; मार्चमध्ये केनियातील पाण्याच्या कामासाठी. विशेष यंत्रे तेथेही त्याच वर्षी येऊन पोचली. मार्कसने २०१५ साली आपल्याजवळची सारी नाणी विकून टाकली. त्यांची किंमत, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, एक जुनी होंडा सिव्हिक गाडी येईल एवढी झाली.